तानुबाईचं कौतुक

“तानुबाई, तुमचा हात फार स्वच्छ आहे,” गजेंद्र म्हणाला आणि तानुबाईला घाम फुटला.

अमडापूरच्या दालमिलचा हा मॅनेजर बारा वर्षांत कोणाशी असं बोलला नव्हता. तो गोदामाच्या दारातून ओरडायचा, बाया मान खाली घालून डाळ निवडायच्या, मिल चालायची. पण गेल्या आठवड्यात मालकानं त्याला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. तिथल्या मॅडमनी शिकवलं, की चूक सांगायची तर केबिनचं दार लावून सांगायची. आधी कौतुक, मधे चूक, शेवटी परत कौतुक. गजेंद्रनं ते वहीत उतरवून आणलं होतं. आज तर चहाही मागवला होता.

“हल्ली डाळीत खडे राहतात,” तो वहीत पाहत म्हणाला. “पण तुमचा स्वभाव खूप छान आहे.”

स्वभावावर तानुबाईला रडूच फुटलं.

“मले काढून राह्यले का, साहेब?”

“नाही हो. कौतुक करतोय.”

“काऊन पन? सकाळी माह्या बाजूच्या चांगुणाले असंच चांगलं म्हनलं तुमी. तिनं अजून डबा खाल्ला नाही.”

गजेंद्रनं वही मिटली. पुण्याची भाषाही तिथंच संपली.

“मंग खडे काऊन राह्यतात, बाई? डोये कुठी असतात तुमचे?”

हे तो रोजच ओरडायचा आणि पुढं निघून जायचा. आज मधे टेबल होतं, दार लावलेलं होतं आणि चहा अर्धाच झाला होता. त्याला उत्तर ऐकावं लागलं.

“दिसत नाही, साहेब. दिवाळीपासून सारं धुकं धुकं दिसते. हातानंच चाचपून निवडून राह्यली.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“कवा सांगू? तुमी बोलता अन् चालले जाता.”

गजेंद्रनं मिटलेली वही बाजूला सारली. त्याचे कान लाल झाले होते.

“उद्या बुलढाण्याले जाऊ, डोयाच्या दवाखान्यात,” तो म्हणाला. “मी नेतो गाडीनं. काम कुठी जात नाही तुमचं.”

तानुबाईनं पदरानं तोंड पुसलं. दाराशी जाऊन ती थबकली. बाहेर एकाही सुपाचा आवाज येत नव्हता.

“साहेब, दार उघडून मले रोजच्यासारखं जोरात बोलून द्या,” ती हळूच म्हणाली. “नाहीतर बाया समजतीन, मले काढलंच.”