दुसऱ्यांदा गुण नाहीत

परदेशातल्या मुलाला घरचा फोन उचलायला सवड नसायची. मात्र हौशी रेडिओच्या स्पर्धेत जगभरातली जास्तीत जास्त ठिकाणं गाठायला तो दिवसभर माइकला चिकटून असायचा. म्हणून वडिलांनी उतारवयात परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला आणि गच्चीवर अँटेना उभारली.

स्पर्धेच्या दिवशी गर्दीतून एकदाचा त्यांचा नंबर लागला. हेडफोनमध्ये मुलाचा आवाज आला.

"आवाज स्पष्ट. धन्यवाद. पुढचा कोण?"

"अहो, वेळेवर जेवतो का, विचारा ना!" आई मागून म्हणाली.

वडिलांनी पुन्हा हाक दिली.

"बाबा, तुमचं ठिकाण झालंय माझं. दुसऱ्यांदा गुण मिळत नाहीत. पुढचा कोण?"

वडिलांनी हेडफोन काढला.

"काय म्हणाला हो?"

"आपला आवाज अगदी स्पष्ट पोचतोय म्हणाला."