मास्तरांच्या हातचे खारे बदाम

डॉक्टरीणबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला, आकडा पाहिला आणि पट्टा पुन्हा गुंडाळला. आकडा खाली यायला तयार नव्हता.

“काकू, गोळ्या वेळेवर घेता ना?”

“घेते.”

“आणि जेवणात मीठ?”

“सगळा स्वयंपाक अळणी करते. विचारा यांना.”

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी मान डोलावली. अळणी म्हणजे अगदी अळणी. त्या जेवणाला कशाचीच चव नसे. पण बायकोचं ब्लडप्रेशर आहे म्हटल्यावर मास्तर मुकाट्याने गिळत होते. मागच्या आठवड्यात तिला जिन्यावर चक्कर आली होती. कठडा हाती लागला म्हणून निभावलं. तेव्हापासून ती जिना चढायला लागली की मास्तर दोन्ही हात पुढे धरून तिच्या मागे राहत. ही गेली तर आपलं काय, हा विचार त्यांना पुरता करवतही नसे.

मास्तरांचा शिकवण्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते बदाम-काजू भाजण्याच्या कारखान्यात होते आणि भट्टीवरच्या लोकांनी त्यांना खारेमास्तर करून टाकलं होतं. कढईत मीठ किती पडायचं, ते मास्तरांची जीभ ठरवी. एक बदाम उचलायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. ‘हं’ म्हटलं की माल पुढे. मान हलवली की आणखी एक मूठ मीठ. हल्ली ती जादा मूठ रोजचीच झाली होती. कधी कधी तिच्यावरही एक पडे. “आजकालच्या मिठात दमच राहिला नाही,” मास्तर म्हणत. भट्टीवरचे लोक एकमेकांकडे बघत आणि ‘खरंय’ म्हणत. पुढे चाळणीवरचा गडीही हल्ली सुस्तावला होता. मास्तरांनी पास केलेला माल तो उगाच घटकाभर चाळत बसे. मास्तर त्याच्यावर खेकसत. तो हसे आणि चाळतच राही.

संध्याकाळी घरी न्यायची पुडी मात्र मास्तर थेट कढईतून भरत. चाळणीपर्यंत थांबायला त्यांना धीर नसे.

घरात त्यांचा उपयोग म्हणाल तर तेवढाच. खिळा ठोकला तर भिंतीचा पोपडा पडे. नळ दुरुस्त करायला घेतला तर खालच्या मजल्यावरचे बादल्या घेऊन वर येत. “तुम्ही नुसते बसून राहा, तीच मोठी मदत,” बायको म्हणे. पुडी उघडली की मात्र तिची थट्टा बंद होई. मास्तर तिच्या हातावर मूठभर बदाम ठेवत आणि समोर बसून विचारत, “जमलंय ना?” ती शेवटचा बदाम संपवून म्हणे, “जमलंय.” मग ती तांब्याभर पाणी पिई.

“मधल्या वेळेला काही खाता का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे, काही नाही,” बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली.

“असं कसं, काही नाही?” मास्तर मध्ये पडले. “रोज मूठभर बदाम खाते. मी स्वतः आणून देतो. तुम्हीच म्हणाला होता, सुकामेवा हृदयाला चांगला.”

“म्हणाले होते. बिनमिठाचा.”

शेवटचा शब्द मास्तरांनी तेव्हाही सोयीस्करपणे ऐकला नव्हता. बिनमिठाचा बदाम म्हणजे त्यांच्या लेखी जनावराचं खाणं.

“मीठ नावापुरतं असतं हो. माझ्या हातचं आहे. हातच्या कंकणाला आरसा कशाला, हे घ्या.” त्यांनी खिशातून पुडी काढली.

बायकोने त्यांचा हात धरला. “राहू द्या ना. बाहेर पेशंट खोळंबलेत.”

मास्तर कसले ऐकतात. त्यांनी पुडी टेबलावर उघडली.

डॉक्टरीणबाईंनी एक बदाम तोंडात टाकला. चावता चावता त्या थांबल्या. मग उठल्या, बेसिनशी गेल्या, चूळ भरली आणि पेलाभर पाणी प्यायल्या.

“काका, हा बदाम आहे की मिठाचा खडा?”

मास्तर हसले. मग त्यांनी स्वतः एक उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. कारखान्यात असते तर त्यांनी आणखी एक मूठ मागितली असती. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा पेला भरत होत्या.

त्यांना चाळणीवरचा गडी आठवला. त्याचं हसणं आठवलं. चाळणीखाली रोज साचणारा पांढरा ढीग आठवला. तो ढीग ते रोज बघत होते आणि गड्याच्या नावाने बोटं मोडत होते. त्यांचे कान गरम झाले. लाज वाटली, पण लाजेचं निभावून नेता आलं असतं. पुडी मात्र चाळणीवरून येत नव्हती. ती थेट कढईतून बायकोच्या हातावर जात होती. त्यांना तिच्याकडे बघवेना.

“काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्हाला हे खारट लागत नव्हतं?”

“लागायचं की.”

“आणि चक्कर आल्यानंतरही खात राहिलात? अहो, जिवावर बेतलं असतं. एका शब्दाने सांगायचं होतं यांना.”

बायकोने पुडी नीट दुमडली आणि आपल्या पिशवीत टाकली.

“या माणसाला जन्मात एकच गोष्ट धड आली, डॉक्टर,” ती म्हणाली. “तीही गेली, हे मी सांगायचं?”