बावीस पावलं

"कामगाराची फुकट जाणारी पावलं मोजा," शैला मॅडमनी नव्या मॅनेजरांना शिकवलं. शेंद्र्याच्या कारखान्यात सत्यमनं तासभर मोजली आणि नट-बोल्टांची पेटी खिडकीपासून उचलून थेट द्वारकाबाईंच्या मशीनला लावली. दर खेपेला बावीस पावलं वाचली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी द्वारकाबाई हात जोडून समोर उभ्या राहिल्या. "साहेब, पेटी परत खिडकीपाशी ठेवा. पाया पडते."

"अहो, तुमचेच पाय वाचले ना?"

"पोरगी दवाखान्यात लई सीरियस हाय. मोबाइल गेटवर जमा. निरोप आला की वॉचमन रुमाल हलवणार हाय. खिडकीतूनच दिसतो तो. आता तिकडं जायला निमित्तच उरलं नाय."

सत्यम खिडकीकडं धावला.

वॉचमन खुर्चीवर चढून दोन्ही हातांनी रुमाल हलवत होता.