दुसरी पद्धत

सातवीतल्या लेकीला गणिताचा गृहपाठ होता: एकच प्रश्न घरात दोन पद्धतींनी विचारायचा आणि उत्तरं ताडून बघायची. तिने प्रश्न निवडला, "आईने पुन्हा नोकरी धरावी का?"

पहिली पद्धत, समोर दिसेल त्याला विचारायचं. टीव्हीसमोर बसलेले बाबा, काका, आजोबा एका सुरात म्हणाले, "काही गरज नाही."

दुसरी पद्धत, घरातल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि ज्याची निघेल त्या माणसाला विचारायचं. आजोबांनी एक उचलली आणि हसले, "घ्या, सूनबाईच निघाली!"

आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबांकडे बघत म्हणाली, "मला काय विचारतेस? बाबा म्हणतील तेच लिही."



कुणी उघडायच्या आत लेकीने डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या मुठीत चुरगळल्या. तिने सगळ्यांवर 'आई'च लिहिलं होतं.