नोंद नसलेला ठोका

‘चालक महिलेने इंजिनातील ठोक्यांविषयी तक्रार केलेली नाही, कारण तक्रारवहीत तशी नोंद नाही.’

अहवालातलं हे वाक्य तिला एव्हाना तोंडपाठ झालं होतं. त्यातला ‘कारण’ हा शब्द तिला सर्वांत जास्त खुपत होता. वहीत नोंद नाही यावरून वहीत नोंद नाही एवढंच सिद्ध होतं. शिवाय त्या वहीत चालकाने लिहायचं नव्हतंच. चालकाने तोंडी सांगायचं आणि फोरमनने लिहायचं, असा वर्कशॉपचा नियम. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच मौनाला अहवालाने साक्षीदार केलं होतं आणि त्या साक्षीच्या जोरावर एका मृत्यूचं खापर तिच्या माथी फोडलं होतं.

तिची रुग्णवाहिका पुलाच्या चढावर बंद पडली होती. आतला रुग्ण दुसरी गाडी येईपर्यंत टिकला नाही. त्याच्या बायकोने तिला एवढंच विचारलं होतं, “गाडी खराब आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

माहीत होतं. तिने तीनदा सांगितलं होतं.

फोरमनचा जबाबही एकाच ओळीचा होता: ‘अशी तक्रार माझ्या कानावर आलेली नाही.’ हे वाचून ती कडवट हसली होती. ज्याच्या कानाच्या दंतकथा सगळं वर्कशॉप सांगायचं, त्याच्या कानावर!

म्हणून फेरचौकशीत तिने एकच मागणी केली. चौकशीच्या साहेबांनी हा कान स्वतः तपासावा. वर्कशॉपमध्येच, भर गोंगाटात.

आता ती बॉनेट उघडलेल्या दुसऱ्याच एका जुन्या रुग्णवाहिकेभोवती घिरट्या घालत होती. किल्ल्यांचा जुडगा तिच्या बोटांत गरगर फिरत होता. शेजारी पत्र्यावर हातोडे पडत होते. इंजिन धडधडत होतं आणि त्या धडधडीच्या आत कुठेतरी ठक, ठक, ठक चाललं होतं. पंधरवडाभर तिच्या डोक्यात चाललं होतं, तसंच.

चौकशी अधिकाऱ्याने धुरामुळे नाकातोंडावर रुमाल धरला होता. तो काहीतरी म्हणाला.

“रुमाल काढा आणि बोला, साहेब,” फोरमन म्हणाला. “वर्कशॉपात लाजायचं काम नाही.”

अधिकारी ओशाळला. “म्हटलं, मला तर सगळ्याच गाड्या खोकताना ऐकू येतात.”

“खोकला वेगळा, दमा वेगळा.”

“काका, वरचा टॅपेट वाजतोय ना?” तिने मागून मुद्दाम खडा टाकला.

फोरमनने वळूनही पाहिलं नाही. हे नेहमीचंच. माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन बोला, असा त्याचा दंडक होता. पोरं त्याच्या खांद्याला हात लावून मगच तोंड उघडत. तिला ही मिजास वाटे. तिन्ही वेळा तो असाच दुसऱ्या गाडीत डोकं घालून उभा होता. “काका, माझ्या गाडीत चढावर ठोका येतोय,” असं ती त्याच्या शेजारी वाकून म्हणाली होती. पहिल्या दोन्ही खेपांना तो नुसता “हं” म्हणाला. तिसऱ्यांदा “हं” म्हणून त्याने मानही हलवली होती.

त्याने लांब पेचकस उचलला, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. इतर मेकॅनिक मूठ कानाला लावत. याला पाना चालवायला दोन्ही हात मोकळे लागत, असं पोरं सांगत. त्याने डोळे मिटले. मग एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट तो किंचित सैल करी, थांबे आणि पुन्हा आवळी. पहिला. ठोका तसाच. दुसरा. तसाच. तिसरा सैल केला, तेव्हा ठोका दबला आणि त्याने दातांतला पेचकस काढला.

“तिसरा सिलिंडर. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ठोका खालून येतोय. आठवडाभर चालवाल, मग भर रस्त्यात बसेल.”

इंजिन खोलायला दुपार झाली. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग साहेबांच्या तळहातावर आलं. झिजून त्याचा तांबूस थर उघडा पडला होता.

“कमाल आहे!” अधिकारी म्हणाला.

“कमाल नाही, साहेब, पुरावा आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज थंड होता. “एवढ्या कल्लोळात ज्याला एक बेअरिंग ऐकू येतं, त्याला दोन हातांवर उभी असलेली बाई ऐकू येत नाही?”

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि मोठ्याने वाचत लिहायला घेतलं. “फोरमनची श्रवणशक्ती असामान्य आहे. चालक महिलेची तक्रार त्यांनी तीनदा ऐकली आणि हेतुपुरस्सर नोंदवली नाही.” तो नळाकडे वळला. “हे मान्य आहे तुम्हाला?”

फोरमन पाठमोरा होऊन हात धूत होता. तो बोटांवरचं ग्रीस चोळून काढत राहिला.

“बघा,” ती म्हणाली. “ही गुर्मी!”

अधिकाऱ्याने पुढे जाऊन कागद त्याच्यासमोर धरला. फोरमनने हात पुसले. ते दोन ओळींचं लिखाण त्याने फार वेळ वाचलं. मग तो तिच्या अगदी समोर आला आणि तिच्या ओठांकडे पाहत राहिला.

“तीनदा?” त्याने विचारलं.

“तीनदा.”

त्याने पेन मागितलं. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द खोडला आणि खाली सावकाश लिहिलं. ते जसंच्या तसं असं:

‘बाईंनी सांगितलं असणार. गेली सहा वर्षं मला कानांनी काहीच ऐकू येत नाही. इंजिन तेवढं दातांतून ऐकू येतं. नोकरी जाईल म्हणून कोणाला सांगितलं नाही. मी त्यांना हं म्हणालो असेन. मी सगळ्यांनाच म्हणतो.’