आईच्या हातचा लॅपटॉप

"टचपॅडवर दोन बोटं ठेव आणि वर सरकव," दुफीने पुन्हा सांगितलं. आईने बोटं सरकवली, पण पडद्यावरचा फोटो जागचा हलेना. कुमासी शहरातल्या खानावळीत, मुसळाच्या दोन घावांमध्ये हात घालून फुफूचा, म्हणजे उकडून कांडलेल्या कंदांचा, कढत गोळा उलटवण्यात आईचा सारा जन्म गेला होता. बोटांचे शेंडे पार दगड झाले होते. उखळापाशी करायची तशी तिने बोटं पाण्यात बुडवली, तर पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरला.

"तुझं यंत्र मला ओळखत नाही गं."

दुफीने तिची बोटं पुसली आणि सेटिंगमध्ये जाऊन टचपॅडची संवेदनशीलता अगदी टोकाला नेली. आता फोटो भराभर सरकले. पदवीच्या काळ्या झग्यातली दुफी आली, तशी आई तिथेच थांबली.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर त्याच लॅपटॉपवर काम दाखवताना दुफीचा तळवा नुसता घासला आणि पानं धडाधड पळाली. मागून कोणीतरी हसलं.

"टचपॅड बिघडलाय तुझा," शेजारचा क्वार्टेंग म्हणाला. "आण इकडे, नीट करून देतो."

दुफीने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

"राहू दे. तो आता माझ्या आईला ओळखतो."