पालथी लेन्स

बाजारानं मातीमोल केलेल्या कापसापासून नगमानं डोळ्यात घालायची मऊ लेन्स बनवली होती, पण तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब पसरेचना. “ही पाणीच धरत नाही, डोळ्यात टोचणार. त्यापेक्षा वाती वळत बस,” म्हणत तिचे मार्गदर्शक राजूरकर सरांनी तिचं तीन वर्षांचं काम खोडायला पेन उघडलं. “सर, वाऱ्यानं थेंब हालते म्हणून तुमीच कूलर बंद केला. अकोल्याच्या मे महिन्यात लेन्स थेंब टाकायच्या आधीच सुकून राहिली. डोळ्यात कुठी सुकते?” तिनं नवी लेन्स आसवांसारख्या मिठाच्या पाण्यात, फुगीर बाजू खाली करून, पालथी टांगली आणि वाकड्या सुईनं खालून हवेचा बुडबुडा सोडला. लेन्सनं पाणी धरलं नसतं, तर तो चिकटून पसरला असता. तो टेकला, गोलच राहिला आणि घरंगळला. “पुन्हा सोड,” सर म्हणाले. सातव्यांदा त्यांनी स्वतः सुई धरली, तरी बुडबुडा चिकटेना. नगमानं न विचारता कूलर सुरू केला.